दातांखालचे दात

साठाव्या मेंढीच्या तोंडात अंगठा घातला, तेव्हाच मेंढपाळाला कळलं की ही काही नदीपर्यंत पोचायची नाही. त्याने खालचा ओठ ओढून पुन्हा पाहिलं. पुढचे दोन दात गेलेले, उरलेले झिजून हिरड्यांना टेकलेले. अशी मेंढी चरताना लांबून बघावी तर सगळं ठीक दिसतं. मान खाली, तोंड गवतात. पण गवत तुटत नाही. ती नुसती ओढत राहते, आणि आठ-दहा दिवसांनी हात लावावा तर लोकरीखाली हाडंच लागतात.

"ही ठेवायची मागे," तो म्हणाला.

बायकोने मेंढीचा कान धरून तिला कुंपणापलीकडे सोडलं आणि पुढची आणली. सकाळपासून दोघांचं हेच चाललं होतं. दोनशे मेंढरं, दोनशे तोंडं. दोन दाती, चार दाती, पुऱ्या तोंडाची. डोळ्यांनी बघायचीही गरज नव्हती, अंगठा फिरला की वय कळायचं. यंदा पावसाने अर्ध्यातच पाठ फिरवली होती. आसपासचं रान मेंढरांनी मुळापर्यंत कुरतडून संपवलं होतं. आठ दिवसांच्या वाटेवर, नदीच्या काठाने, अजून ओल होती, गवत होतं. पण तिकडे डोळे लावून बसलेले हे एकटेच नव्हते. चार दिवसांत निघालं नाही तर दुसऱ्यांचे कळप पोचणार आणि सगळं साफ करणार.

आबा, म्हणजे मेंढपाळाचे वडील, दारात बसून पाण्याच्या कातडी पिशवीला टाके घालत होते. त्यांच्या मांडीला टेकून घुमी बसली होती. घुमी ही मेंढपाळाची साडेचार वर्षांची मुलगी. खरं नाव दुसरं होतं, पण ते बालवाडीच्या वहीत. बोलायची नाही, हसायची नाही, कुणी काही विचारलं तर ओठ घट्ट मिटून नुसती बघत राहायची, म्हणून घरीदारी सगळे घुमीच म्हणायचे. तिची गट्टी एका आबांशी. आबांच्या तोंडात दात औषधाला नव्हता. त्यांचं जेवण दुधात कुस्करून, बोटांनी मळून मऊ करावं लागायचं, आणि घुमी दुसऱ्या कशाला हात न लावता त्यांच्याच ताटलीत जेवायची. "आजोबाची शेपटी आहे नुसती," असं म्हणत घरात त्याचं कोण कौतुक व्हायचं.

बालवाडीच्या बाई बांधावरून येताना दिसल्या तेव्हा घुमी उठून आत पळाली.

"दादा, जरा बोलायचं होतं," बाई म्हणाल्या.

"बोला की." मेंढपाळाचा अंगठा मेंढीच्या तोंडातच होता.

"हिचं वजन वाढत नाहीये. वर्ष होत आलं, काटा जागचा हलत नाही."

"खातच नाही बाई ती. खोड आहे एकेकाची."

"खोड नाही हो. काल सगळ्यांना शेंगदाणे दिले. हिने तोंडात धरून ठेवले, अर्धा तास. मग मागच्या भिंतीशी जाऊन थुंकले आणि वर माती लोटली. कुणाला दिसू नये म्हणून." त्यांनी आवाज चढवला नाही की टोमणाही मारला नाही. "तुम्ही तिचं तोंड कधी पाहिलंय का?"

मेंढीने डोकं झटकलं. मेंढपाळाने अंगठा बाहेर काढला. तो लाळेने ओला होता. बायको खाली मातीकडे बघत होती.

"दुधाचे दात," आबा दारातून म्हणाले. "पडायचेच असतात. कोकराचे पडतात, पोरांचे पडतात. त्यात काय बघायचं?"

बाई गेल्यावर मेंढपाळाने हात धुतले. एकदा धुतले, पुन्हा धुतले. आत घुमी धान्याच्या कणगीमागे उकिडवी बसली होती. त्याने तिला उचलून उजेडात आणलं. "आ कर," म्हणाला. तिने ओठ आणखी आवळले. मग हाताच्या सवयीनेच घडलं ते. ओठांच्या कोपऱ्यातून अंगठा आत सरकला आणि तोंड उघडलं.

वरचे पुढचे चार दात नव्हतेच. म्हणजे पडले नव्हते. हिरड्यांतून तपकिरी काळे खुंट तेवढे उरले होते. मागच्या दाढांना भोकं, एका दाढेत तर नुसती कडा उरलेली, आणि तिच्या शेजारी हिरडीवर पिवळट फोड. वास आला. हा वास त्याच्या ओळखीचा होता. पाय सडलेल्या मेंढराचा खूर साफ करताना यायचा.

त्याचा अंगठा फोडाच्या जवळ गेला, आणि त्या पोरीने ओरडावं की नाही? ओरडली नाही. तिचं सगळं अंग ताठ झालं, डोळे भरले, आणि तिने त्याच्या मनगटावर आपला हात ठेवला, नुसता ठेवला.

त्याने अंगठा काढून घेतला. "तुला ठाऊक होतं?" त्याने बायकोला विचारलं.

"गालाखाली हात घेऊन झोपते, ते ठाऊक होतं," ती म्हणाली. "मला वाटलं सवय. दुखतं का म्हणून विचारलं होतं मी. मानेनेच नाही म्हणाली." मग ती म्हणाली, "तुम्ही विचारलं होतं कधी?"

त्याने विचारलं नव्हतं.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी घुमीचा डावा गाल फुगून डोळ्यापर्यंत चढला होता. डोळा मिटला होता. अंग तापलं होतं. घोंगड्या बांधून झाल्या होत्या, भांडी पोत्यात भरली होती, मेंढरं वाड्याच्या तोंडाशी दाटी करून ओरडत होती. उद्या निघायचं होतं.

बाई धापा टाकत आल्या. "दुधाची गाडी नऊला मोठ्या गावाला जाते. तिथल्या सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत. मी फोन केलाय. आजच न्या. सूज डोळ्यापाशी गेली की दिरंगाई करायची नसते."

"आणि कळप?" आबा म्हणाले. आबांनी पिशवी खाली ठेवली. "दोन दिवस उशीर झाला तर गवत गेलं. गवत गेलं तर कोकरं गेली. पोरीला लवंग लावा, उतरेल सूज. दुधाचे दात आहेत, त्यासाठी—"

"कळप मी नेते," घुमीची आई म्हणाली.

दोघेही तिच्याकडे बघायला लागले.

"बाईमाणसाने दोनशे मेंढरं आठ दिवस—"

"तुम्ही आहात ना बरोबर. तुम्ही वाट सांगा, मी हाकते." तिने कोपऱ्यातली काठी उचललीसुद्धा होती. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही तिच्यापाशी राहा. मी राहिले तर रडत बसेन. तुम्ही बघाल तरी नीट. तोंडं बघायची सवय आहे तुम्हाला."

टोमणा होता की नव्हता, हे त्याला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही.

*

दुधाच्या गाडीत कॅनच्या मधे बसून ते गेले. गाडी खड्ड्यात आपटली की घुमी दोन्ही हातांनी आपला जबडा धरायची, आणि मेंढपाळाला तो धक्का स्वतःच्या दाढेत बसल्यासारखा व्हायचा.

दवाखान्यात बाकांवर गर्दी होती. तो बसला तशी शेजारच्या बाईने पिशवी उचलून पलीकडे घेतली. थोड्या वेळाने शिपाई आला. "मामा, मेंढराचा वास येतोय. तिकडे खिडकीशी बसा." तो उठला आणि खिडकीशी गेला. तिथे नळ होता. त्याने पुन्हा हात धुतले, मान धुतली, आणि डोक्याचं फडकं ओलं करून घुमीच्या तापलेल्या गालाला लावलं.

एक तरुण नर्स फॉर्म घेऊन आली. "बाबा, काही प्रश्न विचारते. कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी, असं उत्तर द्यायचं. ठाऊक नसेल तर 'माहीत नाही' सांगा. चालतं तेही."

"विचारा."

"गरम किंवा गार पिताना तिला त्रास होतो?"

त्याने आठवून पाहिलं. ती पाणी कशी पिते? "माहीत नाही," तो म्हणाला.

"काही पदार्थ खायला अडचण येते?"

आबांची ताटली त्याच्या डोळ्यांपुढे आली. दुधात कुस्करलेला घास, आणि घरातलं ते सगळं कौतुक. "नेहमी," तो म्हणाला.

"शब्द उच्चारायला?"

"बोलतच नाही ती."

"दातांमुळे बोलायचं टाळते, असं वाटतं का?"

"आम्हाला वाटलं स्वभाव आहे."

नर्सने मान वर केली, मग काहीतरी लिहिलं. "झोपेत त्रास?" "माहीत नाही." "चिडचिड?" "माहीत नाही." "हसायचं टाळते?" 

कोणती मेंढी कोणत्या बाजूने रवंथ करते हे तो सांगू शकला असता. कोणती पाणी पिताना आधी डावीकडे बघते, कोणती पावसात दुसरीच्या पोटाखाली डोकं घालते, सगळं. "तिला हसताना पाहिल्याचं आठवत नाही," तो म्हणाला. "लहान होती तेव्हा हसायची. दात यायच्या आधी."

"शेवटचा प्रश्न. यामुळे तुम्हाला स्वतःला कधी अपराधी वाटलं?"

"हेही लिहायचं असतं?"

"हो बाबा. घरच्यांचंही विचारतात."

"आजपासून धरायचं का?" त्याने विचारलं. नर्सच्या हातातलं पेन थांबलं. तिने त्या प्रश्नापुढे काय लिहिलं, ते त्याला दिसलं नाही.

*

डॉक्टरीणबाई ठेंगण्या, केस पिकलेल्या, गळ्यात दोरीला चष्मा. त्यांनी घुमीला खुर्चीत बसवलं नाही. स्वतः स्टुलावर बसल्या, मेंढपाळाला समोर बसवलं आणि गुडघ्याला गुडघे भिडवून दोघांच्या मांड्यांवर पोरीला आडवी घेतली. बराच वेळ नुसत्या तिच्या केसांतून हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "आता मी तुझ्या दातांची मोजदाद करणार. फक्त मोजणार. घेऊन नाही जाणार." घुमीने तोंड उघडलं. अंगठा न घालता उघडलं. मेंढपाळ बघत राहिला.

"लहानपणी झोपताना काही गोड द्यायचात का तोंडात?" बाईंनी मोजता मोजताच विचारलं.

त्याने खोटं सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडातून खरंच आलं. "ही आठ महिन्यांची असताना हिची आई आजारी पडली, कितीतरी महिने. मी झोळीत घालून छातीशी बांधायचो आणि कळपामागे चालायचो. ही रडली की मेंढरं बुजायची. मग साखर फडक्यात बांधून, ओली करून तोंडात द्यायचो. चोखत झोपायची. दीड-दोन वर्षं दिलं असेल. मीच दिलं. दुसऱ्या कुणी नाही."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता कानउघाडणी होणार. "दोन वर्षं छातीशी बांधून चाललात?" त्या म्हणाल्या. "बरं. आता फोटो काढू."

फोटोचं यंत्र माणसाएवढं होतं. घुमीला त्यात उभं केलं, हनुवटी एका पट्टीवर ठेवली. यंत्राचा हात तिच्या डोक्याभोवती घरघरत फिरणार होता. तंत्रज्ञ म्हणाला, "एवढी लहान मुलं हलतात. दोन-तीनदा काढावा लागेल." पण घुमी हललीच नाही. यंत्र कानाजवळून गेलं, गालावरून गेलं, ती दगडासारखी उभी. "शहाणी आहे हो," तंत्रज्ञ म्हणाला. मेंढपाळाला मात्र कळलं, की हा काही शहाणपणा नव्हे. दुखणं अंगावर असताना हलायचं नाही, हे ती दोन वर्षं शिकत आली होती.

मग डॉक्टरीणबाईंनी त्याला पडद्यासमोर उभं केलं.

आधी त्याला काहीच कळेना. काळ्यावर राखाडी, राखाडीवर पांढरं. मग जबड्याची कमान दिसली, आणि कमानीवर बसलेले दात. खुंट झालेले, पोखरलेले, घुमीचे दात. ते तर त्याने पाहिले होते.

"आता त्यांच्या खाली बघा," बाई म्हणाल्या. "आणि वरच्या जबड्यात, वर."

त्याने पाहिलं. हाडाच्या आत, प्रत्येक दाताच्या मागे, आणखी एक दात होता. काही पुरे घडलेले, नुसते वर यायचे राहिलेले. काहींची टोकंच तेवढी पांढरी, खाली काही नाही, जणू कोवळ्या कणसात दाणा भरायला लागावा. सगळी रांग. वर आणि खाली. अंधारात, जागा धरून, गप्प उभी. बाई पेन्सिलीने एकेक दाखवत गेल्या. हे सहाव्या वर्षी येतील. हे आठव्या. हा सुळा, हा अकराव्या वर्षी.

"अकराव्या," तो म्हणाला. "आणि आत्तापासून आहे तिथे?"

"ही मागची दाढ दिसते ना? तिची घडण ही आईच्या पोटात असतानाच सुरू झाली."

मेंढपाळाने डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. का काढलं हे त्याला सांगता आलं नसतं. आयुष्यभर त्याने दात पाहिले होते, हजारो तोंडांत. कोकराचे पडतात, दुसरे येतात. ते कुठून येतात, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. येतात म्हणजे येतात, गवत येतं तसे. आणि इथे त्याच्या पोरीच्या एवढ्याशा डोक्यात, हाताच्या ओंजळीत मावेल अशा तोंडात, तिच्या म्हातारपणापर्यंतची सोय करून ठेवलेली. कुणी केली, कधी केली, कुणालाही न विचारता.

"आमचे आबा म्हणतात, दुधाचे दात पडायचेच असतात," तो हळू म्हणाला.

"पडायचेच असतात. पण तोवर ते या खालच्यांची जागा धरतात. आणि हा बघा." पेन्सिल एका करड्या डागावर थांबली. "इथला पू खाली झिरपतोय. याच्या डोक्यावर."

तो डाग त्या कोवळ्या दाण्यापासून केसभर लांब होता. मेंढपाळ पडद्याच्या इतका जवळ गेला की त्याचा श्वास काचेवर उमटला.

"काढा," तो म्हणाला. "काय करायचं ते करा."

*

आधी तीन दिवस सलाइनमधून औषध गेलं. सूज उतरली. मेंढपाळाला दवाखान्यात करण्यासारखं काही नव्हतं, आणि बसून राहायची त्याला सवय नव्हती. त्याने वॉर्डातली खिळखिळी खाट ठोकून दिली. शेजारच्या पोराच्या आजीला पाणी आणून दिलं. हाकलणाऱ्या त्याच शिपायाबरोबर मागच्या अंगणातली तुटकी पन्हाळ बसवली. उरलेला वेळ तो घुमीकडे बघत बसायचा. तिला पाहायला त्याला कधी इतका वेळ मिळालाच नव्हता. ती पाणी उजव्या बाजूने पिते. गिळण्याआधी डोळे मिटते. कुणी जवळ आलं की आधी ओठ मिटते, मग वर बघते.

चौथ्या दिवशी तिला गुंगी देऊन आत नेलं. दार लागलं. दोन तास तो त्या दारासमोर उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही. मेंढी अडली की रात्र रात्र हात घालून तिचं कोकरू फिरवलेला माणूस तो. पण तिथे हात त्याचे असायचे. इथे हात दुसऱ्याचे होते आणि त्याला नुसतं उभं राहायचं होतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. टोपी काढली तर केस घामाने चिकटलेले. "झालं. सहा काढले, पाच दाढांना टोप्या बसवल्या, बाकीच्यांची भोकं भरली." त्यांनी एक छोटी वाटी पुढे केली. आत सहा दात. दात कसले, कण्याच. एकाच्या मुळाशी पुवाची लहानशी पिशवी लोंबत होती.

"एवढेसे?" तो म्हणाला.

"एवढेसेच असतात."

घुमी जागी झाली ती दुपारी. रडली नाही. ओठ सुजलेले, तोंडात कापूस. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी पाणी द्यायला सांगितलं, गार दिलं तरी चालेल. त्याने माठातलं पाणी पेल्यात आणलं. घुमीने सवयीने मान उजवीकडे कलती केली, डोळे मिटले आणि घोट घेतला.

मग डोळे उघडले. पेल्यात बघितलं. पाण्यात काही आहे का, असं बघावं तसं. आणखी एक घोट घेतला, या वेळी मान सरळ. थांबली. जणू कशाची तरी वाट बघत होती आणि ते आलंच नाही. मग तिने पेला दोन्ही हातांत धरला आणि घटाघट सगळं पाणी प्यायली. गळ्यावरून ओघळलं तरी थांबली नाही.

"बाबा," ती म्हणाली. आवाज घोगरा, शब्दांतून हवा निसटत होती. "तुझं दुखायचं कधी थांबलं?"

"माझं? माझं काय दुखायचं?"

"तोंड."

"माझं तोंड कुठे दुखतं?"

घुमीने त्याच्याकडे, मग शेजारच्या खाटेवरच्या पोराकडे, मग त्याच्या आजीकडे पाहिलं. तिच्या कपाळावर आठी होती, हिशेब चुकल्यासारखी. "सगळ्यांचंच दुखतं ना?" ती म्हणाली.

मेंढपाळाने पेला तिच्या हातातून घेतला आणि पुन्हा भरून आणायला उठला. नळापाशी गेल्यावर त्याने तो पेला तसाच धरून ठेवला. पाणी भरून वाहून जात होतं.

*

चार दिवसांनी निघताना डॉक्टरीणबाईंनी ब्रश दिला आणि कसा फिरवायचा हे त्याच्याकडून चारदा करवून घेतलं. "तिच्या हातात नाही द्यायचा. तुम्ही करायचं. सकाळी आणि झोपण्याआधी. पाऊस असो, चालणं असो."

"रोज दोनशे तोंडं बघायची तयारी आहे माझी, बाई," तो म्हणाला. "हे तर एकच."

कळप गाठायला त्यांना दोन दिवस लागले. थोडं ट्रकमधून, बाकीचं चालून. नदीचं पात्र आटून मधल्या धारेपुरतं उरलं होतं, पण काठाला खरंच हिरवं होतं. घुमीची आई लांबून ओळखू येईना. उन्हाने काळवंडलेली, टाचा फुटलेल्या, आवाज बसलेला. एवढ्या कळपातली दोनच मेंढरं वाटेत गेली होती. आबा सगळ्यांना सांगत सुटले, "सुनेने आणला कळप. मी नुसता शेपटाला होतो."

आईने घुमीची हनुवटी धरून तोंड वर केलं. मागच्या दाढा उन्हात चकाकल्या. "अगं बाई, चांदी बसवली की काय?"

"स्टीलच्या टोप्या आहेत," मेंढपाळ म्हणाला. "दात पडतील तेव्हा त्याही पडतील."

"मलाही बसवून आणा दोन," आबा म्हणाले. "चावायला नको, मिरवायला."

जेवायला बसले तेव्हा आबांनी नेहमीसारखं दुधात कुस्करलं आणि ताटलीची अर्धी बाजू घुमीकडे सरकवली. घुमीने ताटलीकडे पाहिलं. मग आईच्या पुढ्यातलं कच्चं गाजर उचललं, तोंडाच्या कडेला धरलं आणि दाढांनी चावलं. कचकन आवाज झाला. तो आवाज ऐकून तीच दचकली. पुन्हा चावलं. पुन्हा तोच आवाज. तिघं मोठी माणसं हातातले घास तसेच धरून ऐकत होती. गाजर संपलं. तिने दुसरं घेतलं.

आबांनी ताटली हळूच आपल्याकडे ओढून घेतली. "आता एकट्यालाच जेवायचं म्हणायचं," ते म्हणाले, आणि फडक्याने डोळे पुसायला लागले. "माझ्यामुळे बिघडली पोर. मी भरवत राहिलो मऊ मऊ."

"आबा, तेवढंच तर जात होतं तिच्या पोटात," घुमीची आई म्हणाली. "तुमच्यामुळे जगली."

*

महिनाभर ते नदीकाठाने सरकत राहिले. घुमीच्या गालांवर मांस चढलं. ती रात्रभर झोपायची, हातपाय फेकून, तोंड उघडं टाकून. आणि पहाटे मेंढरांआधी उठायची. पुढचे दात नसल्याने तिचा 'स' कुठे निसटायचा ते कळायचं नाही, पण त्याची तिला फिकीर नव्हती. आधी कोकरांशी बोलायला लागली. मग आईशी. मग कुणी ऐको न ऐको.

एका दुपारी मेंढपाळ बाभळीच्या विरळ सावलीत कळप राखत बसला होता. ती शेजारी येऊन बसली. हातात काडी, काडीने मातीत रेघा.

"ती काळ्या कानाची मेंढी होती ना," ती म्हणाली, "ती पाण्यात वाहून गेली."

"कुठली काळ्या कानाची?"

"पूर आला होता तेव्हा. तू तिला ओढत होतास. आई ओरडत होती, सोडा, सोडा म्हणून. मग तिचा पाय तुझ्या हातातून सुटला."

मेंढपाळाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. तेव्हा ही अडीच वर्षांची होती, ओल्या पोत्यात गुंडाळून काठावर ठेवलेली.

"मग तू मोठ्या दगडामागे गेलास," घुमी काडी ओढत म्हणाली. "तोंडावर पाणी मारलंस. पाणी नव्हतंच ते. तू रडत होतास."

त्या दगडामागे तो रडला होता, हे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं. आबांना नाही, कुणालाच नाही. त्याच्या अंगावर काटा आला. वारा पडला होता, ऊन डोक्यावर होतं, तरीही आला.

"तू पाहिलंस?"

"हो. मी येणार होते तिथे. तुझ्या पाठीवर हात ठेवणार होते." काडी मोडली. तिने दुसरी घेतली. "पण तेव्हा माझं फार दुखत होतं. मग नाही आले."

नदीच्या बाजूने बायकोची हाक आली. दहा-बारा मेंढरं कळप सोडून दुसऱ्यांच्या गवताकडे चालली होती. त्याला दिसत होती. तो उठला नाही. इतकी वर्षं आपल्या घरात, आपल्या ताटाशेजारी, एक माणूस बसून सगळं बघत होतं, ऐकत होतं, लक्षात ठेवत होतं, आणि आपण त्याला घुमी म्हणत होतो.

"आणखी काय काय पाहिलंस?" त्याने विचारलं.

घुमीने विचार केला. "पुराच्या आधीचं सांगू, की नंतरचं?"

"आधीचं," तो म्हणाला, आणि मांडी घालून नीट बसला.